सुकदेव आबांचे बारा तांबे

माझे सासरे सुकदेव आबा पाटकरी होते. साक्रीच्या वाटेवर त्यांचं गाव. तिथं पांझरेला दगडी बंधारा घातलेला आहे, त्यातून पाट निघतो आणि पाटाखाली ऊस-गव्हाचे चार फड भिजतात. कोणत्या फडाला कधी पाणी सोडायचं आणि कोणत्या शेताचं बारं, म्हणजे पाटाला पाडलेलं तोंड, कधी बुजवायचं, हे पाटकऱ्यानं पाहायचं. खांद्यावर लांब दांड्याचं फावडं, डोक्याला मळकं पागोटं, धोतर गुडघ्याच्या वर खोचलेलं, अशी ही मूर्ती रोज पाच मैल पाटाच्या कडेनं चालायची. गावातल्या भल्याभल्यांची बारी त्यांनी अर्ध्यातून बुजवली होती, कारण पाळी संपली की संपली. त्यांच्याशी हुज्जत घालून उपयोग नसे. मी दहा वर्षं घालून पाहिली आहे.

त्यांनी स्वतःपुरता एक कायदा केला होता. फडावर कितीही ऊन तापलेलं असो, कुणा शेतकऱ्याच्या घागरीतलं पाणी तोंडाला लावायचं नाही. आज मी त्याचा तांब्याभर प्यालो तर उद्या तो चार वाफे जास्तीचे मागेल, आणि त्यानं नाही मागितले तरी मलाच द्यावेसे वाटतील, असं ते म्हणत. म्हणून घरचा फिरकीचा तांब्या कायम बरोबर. तो रिकामा झाला की ते तहानलेले राहत, पण मागत नसत. लोक त्यांना मागून खडूस म्हणत आणि तंटा झाला की पहिल्यांदा त्यांनाच बोलावत.

१९२९ सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या थोरल्या लेकीशी, झुंबरशी, माझं लग्न झालं. मी धुळ्याच्या पोस्टात कारकून. गल्ली नंबर पाचमध्ये आमचं दोन खोल्यांचं घर, पुढे ओटा, मागे अंगण, आणि अंगणात आमचा स्वतःचा नळ. त्या काळात घरात नळ म्हणजे काय मिजास होती, ते आता सांगून पटायचं नाही. लग्नानंतर आबा पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी त्यांना तो नळ सोडून दाखवला. त्यांनी खाली वाकून धार पाहिली, चकली दोनदा उघडून मिटून पाहिली आणि विचारलं, "पंडितराव, यानी पट्टी कोन भरस?"

"मीच भरतो, आबा."

"मंग पानी तुमनं," ते म्हणाले, आणि ओट्यावर जाऊन स्वतःच्या तांब्यातलं पाणी प्याले.

लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही रीत आमच्या भागात तेव्हा घरोघर पाळत. बापच काय, माहेरच्या गावचा माणूससुद्धा घेत नसे. बहुतेकांची यातून वर्षा-दोन वर्षांत सुटका होते. आमची झाली नाही. आम्हाला मूल झालंच नाही, हे एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी वाट पाहायला नको.

नऊ वर्षं आबा येत राहिले. झुंबर प्रत्येक वेळी घासून लख्ख केलेला तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवी. ते तांब्याला बोट लावत, ते बोट डोळ्यांना लावत, की झालं पाणी पिऊन. मग त्यांचा स्वतःचा तांब्या संपला की समोरच्या बेबाबाई दारातून हाक मारत, "आबा, या इकडे, पाणी घ्या." बेबाबाई बाई चांगली, पण तिच्या तोंडात तीळ भिजत नसे. संध्याकाळपर्यंत साऱ्या गल्लीला कळे की झुंबरच्या बापाला पाणी आज पण मीच पाजलं. झुंबर तो भरलेला तांब्या उचलून तुळशीत ओतायची. ती काही बोलत नसे आणि मला त्या दिवशी भाजी खारट मिळत असे.

१९३८ च्या पावसाळ्यानंतर आबांचं बिनसलं. वय बासष्टच्या आसपास. पाटाच्या कडेनं चालता चालता ते दर फर्लांगाला एखाद्या निंबाआड जात आणि बराच वेळ उभे राहून परत येत. काम थोडं आणि उभं राहणं फार. उठून उठून हैराण झाले तेव्हा त्यांनी पाटकऱ्याच्या डोक्यानं उपाय काढला: वरूनच पाणी कमी सोडायचं. दिवसाला दोन तांब्यांवर आले. त्यानं लघवीची आग व्हायला लागली, थंडी वाजून ताप भरू लागला. गावच्या वैद्यानं गोखरूचा काढा दिला, ओटीपोटावर पळसाची फुलं बांधली. सासूबाई, भिकुबाई, सांगत की महिनाभर घरात नुसता पळसाचा वास. आबांनी हे सगळं आमच्यापासून लपवलं. जावयाला असल्या गोष्टी सांगतात का?

मार्गशीर्षात एका सकाळी लघवी पूर्ण बंद झाली. सर्व्हिस मोटारीत घालून त्यांना धुळ्याला आणलं. तो रस्ता कसा होता हे ज्यांनी तेव्हा पाहिलं आहे त्यांनाच आबांच्या त्या प्रवासाची कल्पना येईल. मोटार खड्ड्यात गेली की ते देवाचं नाव घेत, आणि खड्ड्यातून वर आली की ड्रायव्हरच्या आईचं.

डॉक्टर सबनीस हे मुंबईहून शिकून आलेले शस्त्रक्रियेचे डॉक्टर. बोलायला कमी, हात हलका. त्यांनी रबराची नळी घालून मूत्राशय मोकळं केलं. आबांनी डोळे मिटले आणि "माय वं" एवढंच म्हणाले. जरा वेळानं एक डोळा उघडून विचारलं, "कितलं निंघनं?"

"दीड शेराच्या वर," डॉक्टर म्हणाले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा असा, की शिवारातला पहिल्या नंबरचा ऊस यांचाच आला.

मग डॉक्टरांनी त्यांना सगळं समजावून सांगितलं. मूत्राशयाच्या तोंडाशी प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. उतारवयात ती वाढते. तुमची वाढली आहे आणि वरून सुजलीही आहे. हा ताप, ही आग, ते त्या दाहाचं. दाह उतरेपर्यंत मी तिला हात लावणार नाही. आधी बेंबीखाली लहानसं भोक करून पोटातून नळी काढतो, लघवी तिथून बाटलीत जाईल, तुमचा जीव सावरेल. तीन आठवड्यांनी ग्रंथी काढून टाकू.

आबांनी हे लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजे पाटमा धोंडा अडकेल शे. पह्यले बाजूथीन पानीले वाट करनी, मंग धोंडा काढना. असंच ना?"

"अगदी असंच," डॉक्टर म्हणाले.

"मंग करा. माले वाटनं काय नवं सांगतस."

त्यांना भीती ऑपरेशनची नव्हती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाव पाटकरी नेमतं. सव्वीस वर्षं नेमणूक आबांचीच होत आली होती. त्यांच्या जागी तात्पुरता चिंधा पाट पाहत होता. चिंधा चाळिशीचा, कामाला बरा, पण बोलघेवडा. शेतकऱ्यानं गप्पांत घेतला की बारं बुजवायचं विसरायचा. आखाजीपर्यंत आबा धडधाकट परत गेले तर पाट त्यांचा. पोटाला नळी लावून गेले तर चिंधाचा. बाटली घेऊन रोज पाच मैल कोण चालणार?

पहिलं ऑपरेशन झालं. दाहावर डॉक्टरांनी लाल गोळ्या दिल्या, त्यानं लघवी लालभडक व्हायची आणि आबा ती बाटली शेजारच्या खाटेवरच्या उखर्डूला दाखवायचे. हा उखर्डू शिरपूरकडचा, त्यालाही तोच आजार. दोघांत पैजा लागत, सकाळी कुणाची बाटली जास्त भरते. भिकुबाई धर्मशाळेच्या ओसरीत दोन दगडांवर भाकरी करून आणत. दवाखान्यातला माठ कुणा लेकीचा नसल्यामुळे पाण्याची अडचण नव्हती. डॉक्टरांनी बारा तांबे सांगितले होते, आबा चौदा पीत. उखर्डूपुढे हार जायची नव्हती.

जानेवारीत ग्रंथी काढली. चार दिवस वाईट गेले. रक्त पडे, धुवावं लागे, आबा गप्प पडून असत आणि झुंबर दाराशी उभी राही. पाचव्या दिवशी ते उखर्डूशी भांडले तेव्हा मी सुटकेचा निःश्वास टाकला.

बाराव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. खाटा वीस, माणसं चाळीस. उघडी जखम घेऊन या गर्दीत ठेवण्यापेक्षा यांना घरी न्या, असं ते म्हणाले. पोटातली नळी काढली होती. लघवी आता बेंबीखालच्या भोकातून झिरपत होती. भरपूर पाणी पोटात गेलं, आतलं धुऊन निघत राहिलं, की ते भोक आपोआप बुजेल आणि लघवी आपल्या वाटेनं जाऊ लागेल. "दिवसाला बारा तांबे. एकही कमी नाही. लघवी घट्ट झाली, आत पुन्हा दाह झाला, तर जखम बुजायची नाही. मग मला परत नळी घालावी लागेल, आणि ती कायमचीही राहू शकते."

धर्मशाळेत नेण्यासारखी स्थिती नव्हती. त्यात त्याच दिवशी गावाहून निरोप आला, धाकट्या सुनेचे दिवस भरलेत. भिकुबाईंना जावं लागलं. आबा आमच्या घरी आले.

म्हणजे कसे आले? पीठ त्यांचं, डाळ त्यांची, तूप गावचं, आणि पीठ मळायला पाणी बेबाबाईंचं. प्यायलाही बेबाबाईंचंच. मी म्हटलं, "आबा, नळ दहा पावलांवर आहे." ते म्हणाले, "नळ तुमना शे." मी म्हटलं, "मी बेबाबाईंच्या घरून घागर भरून आणतो." त्यावर ते म्हणाले, "तुमना हातनं उनं ते तुमनं पानी." या माणसापुढे हायकोर्टात वकील टिकला नसता. बेबाबाईंनी मात्र पदर खोचला आणि जाहीर केलं की आबांना मी पाहते, तुम्ही काळजी करू नका. झुंबर आत निघून गेली.

ओट्यालगतच्या खोलीत खाट टाकली. झुंबरनं तिची जुनी मऊ लुगडी फाडून फडकी केली. पोटाच्या भोकावर जाड घडी, तिच्यावर दुसरी घडी, वरून पट्टा. दीड-दोन तासांनी सगळं ओलं. ते काढायचं, अंग पुसायचं, कोरडं बांधायचं, ओलं सोड्याच्या गरम पाण्यात घालायचं. पहिल्या दिवशी आबांनी तिला खोलीत येऊ दिलं नाही. मी पोस्टात गेल्यावर दुपारी तिनं दार ढकललं आणि काम केलं. आबा भिंतीकडे तोंड करून पडले होते, असं तिनं मला सांगितलं. अंगणातल्या दोरीवर रोज पंधरा-वीस फडकी वाळत असायची.

आठवडा झाला तरी जखम तशीच. उलट तिच्या कडा लाल झाल्या, फडक्यांना घाण वास येऊ लागला आणि आठव्या दिवशी अंगात ताप भरला. डॉक्टर सबनीस घरी आले. फडकं उचलून पाहिलं. डाग हळदीसारखा पिवळाजर्द. "पाणी किती पिता?"

"बारा तांब्या," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जाताना ओट्यावर म्हणाले, "हे तीन-चार तांब्यांचं काम आहे, बाराचं नाही. चार दिवस बघतो. सोमवारी अशीच जखम असली तर नळी परत घालतो."

मी तडक बेबाबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, "अहो, मी तीनदा तांब्या नेते. आणखी आणू का म्हटलं तर म्हणतात, बस झालं, घरात आहे."

मला संताप आला. मी खोलीत जाऊन आबांना चांगलं सुनावलं. सव्वीस वर्षं लोकांच्या शेतांना पाणी मोजून देता आणि स्वतःच्या पोटाला खोटं सांगता? ते ऐकून घेत होते. शेवटी हळूच म्हणाले, "पंडितराव, तो फडका ती धुस. जितलं पानी पिसू तितला फडका. पोरना हातनं बापनं हाई काम..." आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

तेव्हा मला कळलं. रीत होतीच, पण रीतीच्या खाली ही लाज होती. फडकी कमी व्हावीत म्हणून हा माणूस तहानलेला पडून होता. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि त्याच्या जागी जे आलं ते मला आवडलं नाही.

तरी उपाय माझ्याकडे होता. मी झुंबरला म्हटलं, बेबाबाईंनाच सांगू की स्वतःच्या हातानं घागर आणून खाटेजवळ ठेवा. रीत पाळली जाईल आणि पाणीही पोटात जाईल. बेबाबाई आनंदानं आणतील.

झुंबर नळाखाली फडकी पिळत होती. ती उठली. ओले हात पुसले नाहीत, पदर सावरला नाही. भरलेला तांब्या उचलून ती खोलीत गेली आणि मी तिच्यामागे. नऊ वर्षांत मी तिचा आवाज असा चढलेला ऐकला नव्हता.

"आबा, बेबाबाई नही येवाव आते. कोनी नही येवाव. तुमले लेकना घर पोर पाह्यजे ना, मंग पानी पेशात? दखा बाहेर, दोरीवर काय वायी ऱ्हायनं. आठ दिनफाईन मी दिनमा आठ वखत ओलं काढस, आठ वखत कोरडं बांधस. ज्यासना घर पोर शे त्या बाया यान्हापेक्षा काय जास्ती करतस? नऊ वरीस मी वाट दखी. आते या घरमा एक लंगोटवालं उनं शे, आनि ते मनं पानी पेत नही."

आबा तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता हे रागावून उठतील आणि चालत गावाला निघतील. त्यांचं पोट हलायला लागलं. मग खांदे. ते हसत होते. दोन्ही हात जखमेवर दाबून, डोळ्यांतून पाणी वाहत असताना हसत होते. "झुंबर, हसाडू नको वं. पोट फुटी जाई मनं."

"फुटू द्या. आठे कोठे धड शे ते?" झुंबर म्हणाली, आणि मग तिलाही हसू फुटलं, आणि हसता हसता ती खाटेच्या कडेला बसून रडली. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिथं बराच वेळ होता. मग त्यांनी तिच्या हातातला तांब्या घेतला आणि न थांबता संपवला.

"आखो आन," ते म्हणाले.

त्या दिवशी ते सूर्य मावळायच्या आत नऊ तांबे प्याले. दहाव्याला मीच घाबरलो. फक्त आबांनी एक अट घातली: हे गावात कळता कामा नये. गाव काय म्हणेल, पाटकऱ्यानं रीत मोडली, उद्या पाळी मोडेल. झुंबर म्हणाली, बरं. तिला त्या घडीला गावाचं काही पडलेलं नव्हतं. म्हणून बेबाबाईंना थांबवलं नाही. त्या दिवसाला तीन तांबे आणतच होत्या आणि आबा त्यांच्यादेखत एक घोट घेत. त्यांची पाठ वळली की उरलेला तांब्या तुळशीला. त्या महिन्यात आमची तुळस कमरेएवढी झाली.

ताप दोन दिवसांत उतरला. सोमवारी डॉक्टर आले, फडकं उचललं, वास घेतला, डाग पाहिला आणि म्हणाले, "आता बारा." नळीचं नाव काढलं नाही.

त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी मी दाढी करत होतो. मोरीतून आबांची हाक आली. "पंडितराव, लवकर या."

मी गालाला साबण तसाच ठेवून धावलो. आबा भिंतीला एक हात टेकून उभे. "दखा," ते म्हणाले. सासऱ्यानं जावयाला दाखवायची ती गोष्ट नव्हे. पण मी पाहिली. बारीक होती, अडखळत होती, पण धार होती, आणि आपल्या वाटेनं चालली होती. आम्ही दोघं ती संपेपर्यंत तिथंच उभे राहिलो. मग ते धोतर सावरत म्हणाले, "धोंडा निंघना." झुंबरनं त्या दिवशी शिरा केला, गावच्या तुपात आणि आमच्या नळाच्या पाण्यात. आबांनी दोनदा मागून घेतला.

पोटाचं भोक हळूहळू मिटलं. पण नवीन कटकट सुरू झाली. वाट मोकळी झाली ती जरा जास्तच. खोकला आला की थेंब, उठले की थेंब, हसले की चार थेंब. उखर्डू भेटायला येई तेव्हा आबा आधीच बजावत, "हसाडानं नही." डॉक्टर म्हणाले, हे महिनाभर चालतंच, आतला स्नायू आळसावलेला असतो. लघवी करताना मधेच थांबवा, दहा मोजा, पुन्हा सोडा. बसल्या बसल्याही आतून आवळा आणि सोडा. हे काम आबांनी असं मनावर घेतलं की ओट्यावर बसून ते गंभीर चेहऱ्यानं कुठे तरी पाहत असले की आम्ही समजायचो, बारं बुजवणं चाललं आहे. फडकी विसाची दहा झाली, दहाची दोन. फाल्गुनात एक दिवस दोरी रिकामी होती. झुंबर तिच्याकडे पाहत जरा वेळ अंगणात उभी राहिली आणि मग तिनं तिथं माझे सदरे घातले.

होळीनंतर गावाहून बैलांची दमणी घेऊन चिंधा आला. आबांना न्यायला, आणि आबा पाटावर चालण्याजोगे आहेत का ते पाहून गावाला सांगायला. सकाळीच पोचला, बेबाबाईंना तांब्या आणताना पाहिलं, त्यांच्याशी दोन घटका बोलून घेतलं. निघण्याआधी डॉक्टरांना शेवटचं दाखवायचं होतं. आम्ही चौघं दवाखान्यात गेलो. खोलीत बाकावर दहा-बारा माणसं बसलेली. डॉक्टरांनी आबांचा व्रण दाबून पाहिला, त्यांना खोकायला लावलं, खाली बसून उठायला लावलं, खोलीत दोन येरझारा घालायला लावल्या. थेंब नाही.

"चाला पाटावर," डॉक्टर म्हणाले. "पण गावी गेल्यावर पाणी उकळून प्या. इथं कुठलं पीत होता? नदीचं नाही ना?"

आबांच्या आधी चिंधाच बोलला. त्याला कुणी विचारलं नव्हतं. "नही, डाक्तरसाहेब. समोरनी बाई देस त्यासले. आमना आबा लेकना घरनं पानी पेतस नही. लेकले पोर नही ना." हे तो अभिमानानं सांगत होता. बाकावरच्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या.

झुंबर माझ्या शेजारी उभी होती. ती जमिनीकडे पाहू लागली. मी आबांकडे पाहिलं. ते नुसते गप्प बसले असते तरी भागलं असतं. चिंधा तेच गावात सांगणार होता, आखाजी तोंडावर होती, आणि ती अट त्यांचीच होती.

आबांनी सदरा खाली ओढला, पागोटं डोक्यावर बसवलं.

"चूप ऱ्हाय, चिंधा," ते म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळून, पण बाकाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात, पाटावर हाक मारावी तसं म्हणाले, "मी मनी आंडेरना, या झुंबरना घरनं पानी पिधं, डाक्तरसाहेब. दीड महिना, रोज बारा तांब्या, बठ्ठं तिना हातनं. तिनीच माले वाचाडं." आणि चिंधाला, "हाई गावमा तूच सांग. माले घरोघर फिरानं काम नही."

 डॉक्टरांनी कागदावर काही तरी लिहायला घेतलं. झुंबरनं मान वर केली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज साफ होता. चिंधाच्या काखेतलं बापाचं गाठोडं तिनं स्वतःकडे घेतलं.

"चिंधाभाऊ, घर चला. ऊन शे. पानी पीसन निंघा."

चिंधानं आबांकडे पाहिलं. आबा केव्हाच दाराकडे निघाले होते, काठी न घेता. घरी पोचल्यावर चिंधा ओट्याच्या कडेला बसला, आणि झुंबरनं पुढे केलेला तांब्या त्यानं दोन्ही हातांनी घेतला.